पहिल्या पानाचा विजय

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा, देवास.

नववर्षाचा संकल्प : कोणताही संकल्प न करणे. प्रातःकाळी कडुनिंबाचे सेवन केले (चव शासकीय परिपत्रकासारखी) आणि बोर्डाच्या संस्कृत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढला. निबंधाचा विषय 'परोपकारः'. समस्त माळव्यातील बालकांनी तो एकाच गाईडातून मुखोद्गत केलेला आहे. प्रमादही सामायिक आहेत. संध्याकाळपर्यंत परोपकाराविषयी माझ्या अंतःकरणात वैरभाव उत्पन्न झाला.

दुपारी सौ. नीरजा महाराष्ट्र समाजाच्या महिला मंडळाची बैठक आटोपून परतली, ती चपला आपटतच. दर अक्षय तृतीयेला मंडळ सभागृहात चैत्रगौरीचे हळदीकुंकू करते. निमंत्रणात 'सर्व सुवासिनींनी अगत्य यावे' असे परंपरेने छापतात. नीरजाने सुचवले की यंदा 'सर्व भगिनींनी' असे छापावे, म्हणजे ज्यांचे यजमान गेले त्यांनाही येता येईल. अध्यक्षा विद्युल्लताबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या चष्मा पुसू लागल्या की ठराव पडतो, हा मंडळाचा अलिखित नियम आहे. शेवटी वीस एप्रिलच्या सर्वसाधारण सभेत मत घ्यायचे आणि तत्पूर्वी समाजाच्या पत्रिकेत कुणी विचारी व्यक्तीने या विषयावर लिहायचे, असे ठरले.

"तुम्ही लिहा," नीरजा म्हणाली.

"विचारी व्यक्ती उपलब्ध झाली नाही काय?"

"चार ओळी पुरेत. वन्सं आपल्या घरात आहेत, एवढं लिहिलंत तरी लोकांना कळेल."

वन्सं म्हणजे माझी धाकटी भगिनी सुमंगला. धारला दिली होती. तीन वर्षांपूर्वी मेहुणे गेले, तेव्हापासून ती आमच्याकडे देवासला असते. मंडळाच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ तीच करते, कारण तशी दुसऱ्या कुणाला साधत नाही. डबे नीरजा नेते, सुमंगला घरी थांबते. ही व्यवस्था कुणी ठरवलेली नाही. म्हणूनच ती इतकी सुरळीत चालते.

२ एप्रिल, बुधवार.

वादग्रस्त विषयावरील लेख परिणामकारक कसा करावा, यावर मी अकरावीच्या वर्गापुढे प्रतिवर्षी व्याख्यान देतो. परिणाम अद्याप कुणावर झालेला आढळला नाही, परंतु सिद्धान्त निर्दोष आहे. लेखकाने प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे मांडावे, आणि तेही प्रतिपक्षाला स्वतःला सुचणार नाही इतक्या उत्तम रीतीने. आपले शास्त्रकार असेच करीत : आधी पूर्वपक्ष, मग त्याचे खंडन, अंती आपला सिद्धान्त. दुर्बळ शत्रूला लोळवण्यात पुरुषार्थ तो कसला? शिवाय या गावात एके काळी दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्ही बाजूंना मुजरा करणे हा येथील नागरी संस्कारच आहे.

दुसरा नियम : लेखकाने स्वतःचे घर लेखात आणू नये. घर आले की अश्रू येतात, अश्रू आले की तर्क निसटतो. सबब नीरजाच्या चार ओळी फेटाळल्या.

"मग किती लिहिणार?" तिने विचारले.

"दोन पृष्ठे."

"कोण वाचणार?"

असले प्रश्न विचारणाऱ्यांमुळेच वाङ्मयाची वाढ खुंटते.

५ एप्रिल, शनिवार.

पूर्वपक्ष सिद्ध झाला! एकाच बैठकीत, एक शब्दही न खोडता. इतकी सुगम लेखणी कित्येक वर्षांत चालली नव्हती. शिरोभागी 'तत्र पूर्वपक्षः' असे लिहून, म्हणजे 'येथे प्रतिपक्षाचे म्हणणे' असा स्वच्छ इशारा देऊन, आरंभ केला. शेवटचा परिच्छेद येथे उतरवून ठेवतो, कारण मला तो (विनयाला रजा देऊन सांगतो) उत्कृष्ट वाटतो :

'हळदीकुंकू ही पतीच्या आयुष्याची प्रार्थना आहे. जिची प्रार्थना विफल झाली तिला त्या मेळाव्यात बसवून तिच्यापुढे तीच प्रार्थना म्हणणे, हे औदार्य की क्रौर्य? तिला न बोलावण्यात तिचा अवमान नाही, तिच्या दुःखाची बूज आहे. रिकाम्या कपाळालाही स्वतःची एक शांतता असते. आपल्या सुधारणेच्या उत्साहापायी ती मोडण्याचा अधिकार आपणांस कुणी दिला?'

उद्या याचे खंडन करीन आणि धुव्वा उडवीन.

सुमंगला चहा घेऊन आली होती. "आज एकदम झरझर लिहितो आहेस, दादा. काय आहे?"

"काही नाही, समाजाचं काम."

तिला दाखवले नाही. उगाच वाईट वाटायचे.

९ एप्रिल, बुधवार.

धुव्वा उडाला नाही. चार दिवस 'रिकाम्या कपाळालाही' या वाक्यापुढे बसून आहे. खंडनासाठी दोन स्मृतिवचने, एक भाष्य आणि एक पाठभेद जमवला. पाठभेद कशाचा, ते आता स्मरत नाही.

नीरजा उत्तरपत्रिकांवर पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता म्हणाली, "पहिलं पान एका बैठकीत आणि दुसऱ्याला इतके दिवस?"

"मंडनापेक्षा खंडन नेहमीच कष्टसाध्य असते."

"असेल. मला वाटलं, पहिलं आधीपासूनच तयार होतं."

तिचा साहित्यनिर्मितीच्या प्रक्रियेशी परिचय नाही.

११ एप्रिल, शुक्रवार.

सिद्धान्त पूर्ण केला. त्यात एक वाक्य सात ओळींचे आहे आणि त्याचे क्रियापद सापडते. लेख समाजाचे सचिव बळवंतराव यांच्या स्वाधीन केला. ते कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून पत्रिका काढतात. त्यांनी पाने हातात तोलून पाहिली. "वा भिया, वजनदार आहे!" (भिया म्हणजे माळव्यातला भाऊ.) पूर्वपक्ष बरोबर पहिल्या पृष्ठावर मावतो, सिद्धान्त पाठीमागे. मांडणीची अशी समरूपता क्वचितच साधते.

१४ एप्रिल, सोमवार.

पत्रिका निघाली. बळवंतरावांनी समाजाच्या ग्रुपवरही टाकली. प्रातःकाळपासून माझा दूरध्वनी अभिनंदनाने कंप पावत आहे. हात जोडलेल्या, टाळ्या वाजवणाऱ्या, पुष्पे अर्पण करणाऱ्या चित्रांची रांग. 'क्या बात लिखी है शालिग्रामसर'. 'एकदम मन की बात'. 'आपल्या संस्कृतीला असेच लेखक पाहिजेत'.

प्रतिपक्षाचेही लोक आहेत यांत! ज्या काकू नीरजाशी बैठकीत भांडल्या, त्यांनी तीन वेळा फुले पाठवली. युक्तिवादाचे सामर्थ्य ते हेच.

नीरजाला दाखवले. तिने वाचले आणि फोन परत दिला. "हे लोक जरा जास्तच खूश नाहीत का?"

यश पचवण्याची काही घराण्यांना सवय नसते. तिचे माहेर धारचे.

१६ एप्रिल, बुधवार.

विद्युल्लताबाईंकडून माव्याच्या बाट्यांचा डबा आला! सोबत निरोप : 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. डोळे भरून आले.' रणांगणात पराभूत झालेला सेनापती विजेत्याच्या शिबिरात मिष्टान्न धाडतो, ही क्षात्रवृत्ती या गावात अजून जिवंत आहे. मी दोन बाट्या खाल्ल्या. सुमंगलाने घेतली नाही. गोड बाधते म्हणाली. पूर्वी बाधत नसे.

१७ एप्रिल, गुरुवार.

आज आम्लपित्त.

सायंकाळी धारहून भैयासाहेबांचा, म्हणजे नीरजाच्या बंधूंचा फोन आला. "जिजाजी, मान गए! आमच्या इथे दोन वर्षांपासून सगळ्याच बायकांना बोलवायला लागले होते. आमची मावशीपण जायची. कुरकुर करायचे लोक, पण बोलायची हिंमत कुणाची नव्हती. तुमचा लेख आला ना, मंडळाने एका मीटिंगमध्ये सगळं बंद करून टाकलं. मामला खतम!"

"बंद? काय बंद केले?"

"तेच. विधवांना बोलवणं. तुम्हीच तर लिहिलंय, त्यांची शांतता मोडू नये."

मी त्यांना पाठीमागचे पान वाचण्यास सांगितले. ते म्हणाले, "मागे पण आहे काय?"

ग्रुप उघडला. बळवंतरावांनी लेखाचे छायाचित्र टाकले आहे. पृष्ठ पहिले. केवळ पहिले. नंतर त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाचा केक आहे.

तत्काळ त्यांना फोन केला.

"अरे भिया, टेन्शन कशाला घेता? दुसरं छापलंय ना पत्रिकेत."

"पत्रिका कुणी उघडली काय?"

"आता खरं सांगू? आमची पोरं मराठी अक्षर अक्षर जोडून वाचतात. एक पान वाचलं हेच खूप झालं. आणि पहिलं इतकं मस्त होतं, मला वाटलं मागे संदर्भ-बिंदर्भ असतील."

"वर स्वच्छ लिहिले होते, तत्र पूर्वपक्षः!"

"ते मंगलाचरण नव्हतं का?"

सर्वांत शेवटी इंदूरहून कन्या शिखाचा फोन आला. ती तिथे कॉलेजात असते आणि मराठी वाचायला लागली की तिचे डोके दुखते. "बाबा, मी अख्खा पेज वाचला, फर्स्ट टाइम. सगळा समजला. रडायला आलं मला. तुम्ही आत्याबद्दल असं कसं लिहू शकता?"

"दुसरे पृष्ठ वाच, बाळ."

"आईने भेजला. त्यात काय लिहिलंय तेच समजत नाही."

पंचवीस वर्षांच्या अध्यापनात असा एकमुखी परिणाम मी कधी साधला नव्हता.

२० एप्रिल, रविवार.

सर्वसाधारण सभा. खुर्च्या प्लास्टिकच्या, पंखे तात्त्विक. विद्युल्लताबाईंनी आरंभीच माझे पहिले पृष्ठ उभे राहून वाचले. त्या वाचतात सुरेख. 'औदार्य की क्रौर्य' येथे त्यांनी असा विराम घेतला की मागच्या रांगेतले चहावाले गृहस्थही थबकले. खेदाने सांगतो, मलाही ते पटत चालले होते.

मी उठून म्हणालो, "सन्माननीय अध्यक्षा, हे माझे मत नाही."

"मग कुणाचं आहे?"

"तुमचे."

सभागृहात हशा पिकला. त्या मात्र हसल्या नाहीत. "माझं मत मला इतकं चांगलं मांडता आलं नसतं. तुम्ही मांडलंत. आता असं माघारी का फिरता?"

मी पूर्वपक्षाची संकल्पना विशद केली. पाठीमागचे पृष्ठ वाचू लागलो. सात ओळींच्या वाक्याच्या चौथ्या ओळीत बळवंतराव हळूच म्हणाले, "भिया, शॉर्टमध्ये." शॉर्टमध्ये मला काहीच आठवेना. एवढेच म्हणावयाचे होते की बोलवा त्यांना. परंतु ते इतके लहान वाक्य होते की व्याख्यानात त्याला कोठे जागाच नव्हती.

नीरजा उठली. "मला लेख येत नाही. आमच्या वन्सं आंब्याची डाळ करतात आणि तुम्ही सगळ्या ती खाता. मग त्यांनी का येऊ नये, एवढंच विचारायचं आहे."

"अगं, मालकांनीच लिहिलंय तुझ्या," कुणी तरी म्हणाले.

हात वर झाले. 'सुवासिनी' कायम.

घरी येताना स्कूटरवर मी आपण होऊन नीरजाला म्हणालो, "युक्तिवादात त्रुटी नव्हती." ती म्हणाली, "समोर खड्डा आहे."

२१ एप्रिल, सोमवार.

शाळेतून आलो तेव्हा सुमंगला कैऱ्या किसत होती. पत्रिका ओट्यावर, कैरीचे पाणी लागलेली.

"लेख वाचलास?" मी विचारले.

"आला त्याच दिवशी. दोन्ही पानं."

मला हायसे वाटले. "मग तुला तरी कळले असेल. पहिले पान माझे नाही. ते केवळ—"

"कळलं. मागचं पान तुझं." ती किसत राहिली. "मागचं पान शाळेतल्या शालिग्रामसरांचं आहे. पहिलं दादाचं वाटतं. तू बोलतोस तसंच आहे ते."

"सुमे, ती एक पद्धत आहे."

"असू दे की. मी कुठे रागावले? ते रिकाम्या कपाळाचं वाचलं आणि आरशात जाऊन पाहिलं. इतके दिवस वाटायचं की मला कुणी बोलवत नाही. आता वाटतं, बरोबरच आहे, मला शांतता आहे." तिने किसणी उलटी करून ठोकली. "चांगलं लिहितोस. पटलं मला."

मी तिला दोन्ही स्मृतिवचने पुन्हा ऐकवली. तिने ऐकून घेतली आणि कैरीत मीठ घातले.

पुरा समाज पूर्वपक्षाला गेला, हे मी सहन करीन. हे एक मत मला परत हवे आहे, आणि ते कसे मागावे याचा उल्लेख कोणत्याही ग्रंथात नाही. दमलो आहे.

२४ एप्रिल, गुरुवार.

बळवंतरावांना खुलासा छापण्यास सांगितले. म्हणाले, पुढचा अंक दिवाळीत. धारला भैयासाहेबांना दुसरे पान वाचून दाखवले. ते मध्येच झोपले असावेत, कारण शेवटी "हां हां, आमीन" म्हणाले. खुलाशाची अर्धा डझन प्रारूपे लिहिली. सर्वांत आधी प्रतिपक्षाचे म्हणणे येते आणि तेच सर्वांत चांगले उतरते. सगळी फाडली.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया.

सुमंगलाने मंडळासाठी डाळ केली. निषेध म्हणून करू नकोस, असे मी सुचवले होते. "डाळीनं काय केलंय?" म्हणाली. मंडळाचा माणूस दुपारी डबे घेऊन गेला. नीरजा सभागृहात गेली नाही. तिने घरच्या गौरीपुढे कलिंगड कापून मांडले, कैऱ्यांचा घोस टांगला आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली. मी मागोमाग गेलो. मी एक लघु निवेदन तयार केले होते.

"तुम्ही कुठे?"

"आवश्यकता भासल्यास—"

"भासणार नाही. बाहेर बसा. पेपर वाचा."

बाहेर बसलो. दार उघडे होते. आत भांड्यांचा आवाज थांबला.

"वहिनी, आधीच सांगते, मला काही लावायचं नाही हं," सुमंगला म्हणाली.

"तुम्हाला कोण लावतंय? मला लावा."

"काय?"

"मला लावा. आज मी कुठे गेले नाही. सणावाराचं माझ्या कपाळाला कुणाचं बोट लागलेलं नाही. घरात दुसरी बाई कोण आहे?"

सुमंगला अगदी हळू म्हणाली, "मी कशी लावू, वहिनी? माझा हात... आणि दादाला काही झालं म्हणजे?"

मी वृत्तपत्र खाली केले. तीन वर्षे ती आमच्या घरात आहे. तिच्या न येण्याचा माझ्या आयुर्मानाशी संबंध असेल, हे माझ्या दोन्ही पृष्ठांत कोठेही नव्हते.

"त्यांना काय होतंय?" नीरजा म्हणाली. "आम्लपित्त सोडून आजवर त्यांना काही झालेलं नाही."

जिवंत असल्याची खूण म्हणून मी खोकलो.

"बघा, खोकतायत. लावा आता. हात भरून आला माझा करंडा धरून."

पुढे केवळ करंड्याच्या झाकणाचा आवाज आला. मग नीरजा म्हणाली, "आता तुम्ही." आणि सुमंगला म्हणाली, "आज एवढंच." मग पुन्हा भांडी वाजू लागली. नीरजा बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होते, भुवईच्या बाजूला कललेले आणि खाली जरा ओघळलेले. ओल्या हाताने लावलेले. तिने ते पुसले नाही, नीटही केले नाही.

दिवेलागणीला विद्युल्लताबाई रिकामे डबे घेऊन स्वतः आल्या. "काय गं नीरजा, रुसलीस? सगळ्या विचारत होत्या. डाळ तर पुरलीच नाही." मग त्यांनी चष्मा सावरला. "आणि हे काय, केवढं वाकडं कुंकू! कुणी लावलं?"

"वन्संनी."

सुमंगला पन्ह्याचे पेले घेऊन दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिले, नखशिखान्त, जणू मी सगळा शिल्लक आहे की नाही ते पडताळून. मी शक्य तितका धडधाकट दिसण्याचा प्रयत्न केला. त्यांनी चष्मा काढला. पुसणार असे वाटले. पण तो त्यांनी डाव्या हातात तसाच धरला, पुढे झाल्या आणि उजव्या हाताच्या बोटाने नीरजाचे कुंकू भुवईपासून उचलून मध्यभागी आणले. ओघळ टिपला, कड गोल केली. वेळ लागला. बिनचष्म्याच्या त्या फार जवळून पाहत होत्या.

"असं ठेवू नये," त्या म्हणाल्या. कुणाला, ते कळले नाही.

मग लाल झालेल्या बोटाकडे पाहत क्षणभर उभ्या राहिल्या. हात पुसायला जवळ काही नव्हते. सुमंगलाने तबक पुढे केले. बाईंनी पेला घेतला, उभ्यानेच पन्हे संपवले, "वेलची जास्त झाली गं" म्हणाल्या आणि गेल्या.

मी त्यांच्यासाठी एक खंडन राखून ठेवले होते. ते तसेच राहिले.

आता सगळी निजानीज झाली आहे. पाणी प्यायला आत गेलो होतो. सुमंगलाने सगळे पेले घासून पालथे घातले आहेत. एक ओट्यावर तसाच उभा आहे, बाहेरच्या अंगाला बोटाचा लाल ठसा असलेला. तो का घासला नाही, हे मी सकाळी विचारणार नाही.